सँटोरिनीची वाईन-बस : सूर्यास्तासाठी नव्हे, वेलींसाठी

सँटोरिनी या ग्रीक बेटावर अर्ध्या दिवसाची वाईन-सहल विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि जाहिरातीत बहुतेक सगळ्या एकच छायाचित्र लावतात : हातात पेला आणि मागे कॅल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या आणि समुद्राने भरलेल्या विवराच्या, काठावरून समुद्रात बुडणारा सूर्य. आम्ही घेतलेली सहलही याच चित्राच्या जोरावर खपत होती. पैसे वसूल झाले, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ते वसूल झाले ते भर उन्हात, समुद्र दिसतही नव्हता अशा एका मळ्यात. सूर्यास्ताचा वाटा त्यात अगदीच थोडा होता. ही सहल घ्यावी की नाही आणि घेतली तर कोणत्या वेळेची घ्यावी, हे ठरवताना एवढा एक फरक ध्यानात ठेवला तर बराच मनस्ताप वाचेल.

सहलीचे स्वरूप असे की दहा-बारा माणसांची वातानुकूलित मिनीबस, सोबत इंग्रजी बोलणारी गाईड, तीन वाईनरी, प्रत्येक ठिकाणी चार-पाच वाईनींची चव आणि तोंडीलावणे, असा साधारण पाच तासांचा कार्यक्रम असतो. आम्ही गेलो तेव्हा माणशी दीडशे युरोच्या आसपास पडले, म्हणजे आपल्या हिशेबाने पंधरा हजारांच्या घरात. रक्कम लहान नाही. तरीही स्वतः गाडी भाड्याने घेऊन हाच फेरा मारण्याचा सल्ला मी देणार नाही. ग्रीसमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याबाबतचे नियम कडक आहेत, बेटावरचे रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत, आणि उन्हाळ्यात त्यावर चारचाकी मोटारसायकली हाकणारे हौशी पर्यटक सुटलेले असतात. सार्वजनिक बस स्वस्त आहे. पण तिच्या बहुतेक फेऱ्या फिरा या मुख्य गावातून सुटतात, त्यामुळे एका वाईनरीतून दुसरीकडे जायचे तर पुन्हा फिरा गाठावे लागते. आणि भाड्याच्या गाडीने जायचे तर कोणीतरी न पिता ती चालवणे आलेच आणि त्या बिचाऱ्याची सहल फुकट जाणार.

पहिला तास मात्र वाया गेला असेच म्हणावे लागेल. ‘हॉटेलवरून नेण्याची सोय’ असे जाहिरातीत लिहिलेले असले तरी कॅल्डेराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेल्या पांढऱ्या हॉटेलांपर्यंत कोणतीच बस जाऊ शकत नाही. ठरवून दिलेल्या वाहनतळापर्यंत आपणच चढून यायचे असते. इया, इमेरोविग्ली, फिरा असे करीत माणसे गोळा करण्यात जाणारा वेळ त्या पाच तासांतच मोजला जातो. नोंदणी करतानाच आपला थांबा पहिला आहे की शेवटचा, हे विचारून घ्यावे.

त्यानंतर बस बेटाच्या मध्यभागी, मेगालोखोरी गावाच्या बाजूला एका मळ्यापाशी थांबली आणि सहलीचा खरा भाग सुरू झाला. माझे मामा निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार आहेत. मुलाच्या आग्रहाखातर ते युरोप पाहायला आले होते आणि तोपर्यंतच्या सगळ्या चर्चेस व राजवाड्यांकडे त्यांनी सभ्यपणे पाहून घेतले होते. इथे बसमधून उतरताच त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘‘बाग कुठंय?’’ प्रश्न अगदी रास्त होता. समोर ना मांडव, ना वाय पद्धतीचे अँगल, ना तारा, ना ठिबकच्या नळ्या. राखाडी, भुसभुशीत, खड्यांनी भरलेल्या जमिनीवर ठरावीक अंतराने गुडघ्याच्याही खाली राहणारे हिरवे पुंजके तेवढे दिसत होते.

ते पुंजके म्हणजेच वेली. दरवर्षी हिवाळी छाटणीच्या वेळी काड्या एकमेकींत गुंफून त्यांचे गोल कडे विणतात आणि ते कडे वर्षानुवर्षे चढत जाऊन डोक्यावरच्या चुंबळीसारखे जमिनीवर बसते. या पद्धतीला तिथे कुलुरा म्हणतात. आमच्या गाईडने गुडघ्यांवर बसून पाने बाजूला केली, तेव्हा आतल्या पोकळीत फिकट पिवळे होऊ लागलेले घड दिसले. जुलैचे शेवटचे दिवस होते. इथली तोडणी ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक प्रदेशांच्या आधीच सुरू होते. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो आणि तो सोबत वाळूचे कण उडवत आणतो. तारेवर चढवलेला वेल त्या माऱ्यापुढे टिकणार नाही. या कड्याच्या आतल्या घडाला मात्र वारा लागत नाही, ऊन थेट भाजत नाही आणि पहाटेचा ओलावा आत धरून राहतो.

मामांनी विचारलेले आणि मी जमेल तसे इंग्रजीत पोहोचवलेले प्रश्न पुस्तकी नव्हते : पाणी किती, खुंट (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचे कलम करतात तो वेल) कोणता, फवारण्या किती. आमच्या सहलीची किंमत तिथेच वसूल झाली असे मला वाटते, कारण गाईड पाठ केलेले भाषण बाजूला ठेवून बोलू लागली. पाऊस वर्षाला जेमतेम ३००-४०० मिलिमीटर, तोही हिवाळ्यात, आणि परंपरेने ही शेती पूर्णपणे कोरडवाहू. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाने बेटाचा मधला भाग समुद्रात गेला आणि उरलेल्या जमिनीवर राख व प्युमिस दगडाचा जाड थर बसला. हा सच्छिद्र दगड समुद्रावरून येणारे रात्रीचे धुके शोषून घेतो आणि मुळांना ओल पुरवतो. खुंटाच्या प्रश्नाचे उत्तर तर मामांना खरे वाटेना : खुंट नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने युरोपातल्या बागा मुळांपासून संपवल्या आणि तेव्हापासून तिकडे अमेरिकन खुंटावर कलम केल्याशिवाय द्राक्ष लावायला सहसा कोणी धजत नाही. सँटोरिनीच्या मातीत चिकणमातीचा अंश जवळजवळ नाही आणि अशा वाळूसारख्या जमिनीत ती कीड जगत नाही. त्यामुळे इथले वेल स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. एखादा वेल थकला की त्याचे खोड छाटून त्याच मुळावर नवा फुटवा वाढवतात, आणि जागा रिकामी पडली तर शेजारच्या वेलीची काडी जमिनीत दाबून नवा वेल करतात. हे दाबकलम मामांना लगेच उमजले. आपल्याकडे डॉगरिज खुंट आला तो क्षार आणि पाणीटंचाई यांच्या पायी. ‘‘इथं दोन्हीची भीती असून गडी खुंटाविना उभाय,’’ असे म्हणत त्यांनी मूठभर माती खिशात घातली आणि मग काय वाटले कोण जाणे, परत टाकून दिली. कोरडा वारा सतत वाहत असल्याने भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांचा त्रास कमी आणि फवारण्याही थोड्याच, हे ऐकून मात्र त्यांच्या चेहऱ्यावर सरळ सरळ हेवा उमटला.

या सगळ्याची दुसरी बाजूही गाईडने झाकून ठेवली नाही. एकरी उत्पन्न फारच कमी निघते, अलीकडच्या उष्ण व कोरड्या हंगामांनी ते आणखी खाली आणले आहे, विणकामाची छाटणी जाणणारे हात कमी होत चालले आहेत, आणि मळ्याच्या जागेवर हॉटेल बांधले तर मिळणारा पैसा द्राक्षांतून कधीच निघत नाही. ग्रीसमधल्या सर्वांत महाग द्राक्षांत इथली द्राक्षे मोडतात, ती उगाच नव्हे.

चव घेण्याचा कार्यक्रम दुसऱ्या थांब्यावर उत्तम झाला. ही वाईनरी जुन्या कानाव्हात, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेच्या थरात कोरलेल्या गुहेसारख्या तळघरात होती. बाहेर अंग भाजत असताना आत सुखद गारवा होता. बेटाची मुख्य जात असिर्तिको. पांढरी, अजिबात गोड नसलेली, लिंबासारख्या लख्ख आंबटपणाची आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना किंचित खारट वाटणारी. एवढ्या उन्हात पिकलेल्या द्राक्षात आम्ल इतके कसे टिकते, याचे कारण या जातीच्या स्वभावात आहे तसेच पोटॅशियम कमी असलेल्या जमिनीतही आहे, असे तिथल्या माणसाने सांगितले. गोडसर वाईनची सवय असलेल्यांना पहिला पेला झोंबेल; पण तोंडीलावणे येईपर्यंत थांबावे. त्यानंतर आली निक्तेरी. पूर्वी दिवसाची उष्णता टाळण्यासाठी रात्रीतून द्राक्षे गाळून करत, ती ही वाईन. आज ती लाकडी पिंपात मुरवलेली, अंगाने जड आणि मद्यांश जास्त असलेली असते. मला ती थोडी अंगावर येणारी वाटली. मामांना तीच अधिक आवडली.

शाकाहारी मंडळींनी आपली अडचण नोंदणीच्या वेळीच कळवावी, कारण ठराविक ताटलीत खारवलेले मांस असते. कळवले तर मात्र पंचाईत होत नाही, उलट चंगळ होते. बिनपाण्याच्या शेतात पिकलेल्या छोट्या टोमॅटोची भजी, पांढरी वांगी, केपरच्या कळ्या, बकरीच्या दुधाचे चीज आणि फावा. हा फावा म्हणजे डाळ शिजवून, घोटून, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा घातलेला पिवळा गोळा. ज्या कडधान्याचा तो करतात ते आपल्या विदर्भातल्या लाखोळी डाळीच्याच कुळातले आहे. असिर्तिकोबरोबर तो इतका जमतो की त्या ताटलीवर आमच्यात थोडी ओढाताणही झाली.

तिसरा थांबा कॅल्डेराच्या काठावरचा. जाहिरातीतले छायाचित्र इथलेच असावे. आमच्याबरोबरच आणखी कितीतरी बसगाड्या तिथे रिकाम्या झाल्या होत्या आणि गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वाईन आली ती एका लाकडी फळीवर पाच-सहा पेले एकदम मांडून. कोणती कुठली हे सांगणारे कोणी नाही, आणि गाईडचा आवाज संगीताखाली दडपलेला. सर्वांत वाईट म्हणजे विनसान्तो ही इथली गोड वाईन, जिच्यासाठी मी मुद्दाम थांबलो होतो, ती त्या फळीवर शेवटी उन्हात कोमट होत पडली होती. सूर्य सुंदरच मावळला, त्यात शंका नाही. पण तो त्या काठावरच्या कोणत्याही कठड्यावरून फुकट दिसतो, आणि त्याच्या नादात सहलीतला दीड तास वाईनबद्दल एक वाक्यही न ऐकता निघून जातो.

विनसान्तोवर असा अन्याय व्हायला नको होता. पिकलेली द्राक्षे तोडून साधारण दोन आठवड्यांपर्यंत उन्हात पसरून सुकवतात, मग गाळतात आणि निदान दोन वर्षे ओकच्या पिंपात ठेवतात. तिच्यात निम्म्याहून अधिक असिर्तिको असावीच लागते, त्यामुळे मनुका-अंजिरांचा गोडवा असूनही आंबटपणा तिला चिकट होऊ देत नाही. एकेकाळी ही वाईन रशियातल्या चर्चमध्ये धार्मिक विधींसाठी जहाजे भरभरून जात असे. दुसऱ्या वाईनरीत मी ती पुन्हा मागून, थंड करून घेतली होती, म्हणून तिची ओळख तरी झाली.

म्हणून माझे सांगणे असे की बहुतेक कंपन्या जी सकाळची सहल ठेवतात ती घ्यावी. मळ्यात ऊन सुसह्य असते, वाईनरीत गर्दी कमी असते आणि जीभही ताजी असते. नोंदणीपूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : प्रत्यक्ष मळ्यात उतरवणार का, आणि माणसे जास्तीत जास्त किती. बसच्या खिडकीतून वेली दाखवून पुढे नेणाऱ्या सहलीही आहेत. त्या घेऊ नयेत. काठावर बसून वाईन पिण्याची हौस असेल तर ती दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे भागवता येते. पिर्गोसजवळची सँटो वाईन्स ही १९४७ साली स्थापन झालेल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची. वाईनबरोबर टोमॅटो आणि फावाही हाच संघ बाजारात आणतो. सहकार म्हटले की आपले कान टवकारतात, त्यामुळे मामांना ती जागा पाहायची होती आणि गच्चीपेक्षा सभासदांना भाव कसा ठरवून देतात यात त्यांना अधिक रस होता. अथिनिओस बंदराच्या डोक्यावरची व्हेनेत्सानोस वाईनरीही पाहण्यासारखी आहे. ऊर्जा वाचावी म्हणून ती उतारावर वरून खाली बांधली आहे. द्राक्षे वरच्या मजल्यावर येतात आणि रस आपल्याच वजनाने खाली उतरत जातो.

सहलीला पायात बंद बूट हवेत, कारण प्युमिसचे खडे चपलेत शिरून टोचतात. टोपी मात्र अशी हवी की वाऱ्याने उडणार नाही. प्रत्येक थांब्यावर बाटल्या विकण्याचा आग्रह होतो, त्याचे दडपण घेऊ नये. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येते आणि ते चेक-इन सामानातच टाकावे लागते. असिर्तिकोच्या चांगल्या बाटल्या अथेन्सच्या दुकानांतही मिळतात, तेव्हा बेटावरून वजन वाहायचेच असेल तर ते विनसान्तोच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचे वाहावे.