ॲडजीनकडून प्लाझ्मिड मागवायचंय? मग हे वाचा

प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं कडं, हवं ते जनुक पेशीत न्यायला वापरतात ते; आणि ॲडजीन म्हणजे अशा प्लाझ्मिडांचं भांडार. प्लाझ्मिडसाठी परक्या लॅबपुढे हात पसरायचे दिवस ज्यांनी काढलेत, त्यांना ॲडजीनची महती सांगायला नको. संशोधनाचा पेपर वाचायचा, त्यातलं प्लाझ्मिड आपल्याला हवंच असायचं, की लेखकाला ईमेल. बहुतेकदा उत्तर नाहीच. आलं तर, ‘ज्या विद्यार्थ्याने बनवलं तो लॅब सोडून गेला, शोधून कळवतो’. कधी नशीब उघडलं तर पाकिटातून फिल्टर पेपरचा तुकडा यायचा, पेन्सिलने काढलेल्या गोलात वाळलेला डीएनए. तो भिजवा, बॅक्टेरियात घाला, वाढवा, सिक्वेन्सिंगला (डीएनएचा क्रम वाचून घ्यायला) पाठवा आणि भलतंच निघालं की पुन्हा पहिल्यापासून. ज्या सरांची परदेशात ओळख त्यांचं काम पुढे जायचं, बाकीचे वाट बघत बसायचे.

मी पुण्यात स्तनाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या एका लॅबची व्यवस्था बघते, त्यामुळे प्लाझ्मिडच्या सगळ्या ऑर्डरी माझ्या हातून जातात. ॲडजीन ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली ना-नफा संस्था, २००४ साली सुरू झालेली. मेलिना फॅन यांना स्वतःच्या पीएचडीच्या काळात प्लाझ्मिड मिळवताना असाच त्रास झाला होता, त्यातून ही कल्पना निघाली. संशोधकाने आपलं प्लाझ्मिड तिथे एकदा ठेवायचं, ठेवायला पैसे पडत नाहीत. पुढे तपासणं, वाढवणं, साठवणं आणि जो मागेल त्याला ठरलेल्या शुल्कात पाठवणं हे सगळं ॲडजीनकडे. क्रिस्पर या जनुकात हवा तो बदल करायच्या तंत्राची, फेंग झँग यांच्या लॅबची प्लाझ्मिडं इतक्या झपाट्याने जगभर पोचली ती याच वाटेने.

आमची नेहमीची मागणी म्हणजे लेंटीव्हायरस, म्हणजे पेशीत जनुक पोचवणारा विषाणू, बनवायची जोडी: पीएसपॅक्स२, क्रमांक १२२६०, आणि पीएमडी२.जी, क्रमांक १२२५९. दोन्ही स्वित्झर्लंडच्या दिदिए ट्रोनो यांच्या लॅबची. पहिल्यातून विषाणूचं आतलं सामान तयार होतं, दुसऱ्यातून बाहेरचं प्रथिन, आणि आपल्याला पेशीत न्यायचं जनुक तिसऱ्या प्लाझ्मिडवर असतं. तिन्ही एकत्र एचइके२९३टी या लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींत घातली की असा विषाणू मिळतो जो जनुक आत पोचवतो, पण स्वतःची पुढची पिढी काढू शकत नाही. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईच्या ज्या कार-टी या कॅन्सरवरच्या उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, त्यातही रुग्णाच्या टी-पेशींत (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत) जनुक नेण्याचं काम लेंटीव्हायरसच करतो. इतक्या कामाचं साधन, आणि ते मागवायला कुणाची ओळख लागत नाही.

पार्सल उघडलं की बोटाएवढी नळी निघते. आत पिवळसर अगार, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायची जेली, आणि त्यात सुई खुपसून काढल्याची पांढुरकी रेघ. ती रेघ म्हणजेच आपलं प्लाझ्मिड पोटात घेऊन आलेले ई. कोलाय बॅक्टेरिया. ड्राय आइस लागत नाही, साध्या तापमानात प्रवास होतो. ही आपल्यासाठी फार मोठी सोय, कारण कस्टममध्ये पार्सल अडकलं तर ड्राय आइस उडून जातो, अगारातले जीव तग धरतात. आल्या आल्या नळी चार अंशावर ठेवायची आणि शक्य तितक्या लवकर त्यातले जीव प्लेटवर स्ट्रीक करायचे, म्हणजे रेघा ओढून पसरायचे. वाढलेल्या सगळ्या कॉलनी, म्हणजे बॅक्टेरियांचे ठिपके, एकत्र खरवडून घेऊ नका. सुटी सुटी एकच कॉलनी उचला, वाढवा, ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवायचा साठा) करून उणे ऐंशीत टाका, मगच मिनीप्रेपकडे, म्हणजे बॅक्टेरियातून प्लाझ्मिड वेगळं काढण्याकडे, वळा. नव्या मुलांना मी आधी वेबसाइटवरचं त्या प्लाझ्मिडचं पान वाचायला लावते. कोणतं अँटिबायोटिक, बॅक्टेरियाचा कोणता स्ट्रेन, सदतीस अंश की तीस, एका पेशीत प्लाझ्मिडच्या कॉपी जास्त की कमी, सगळं तिथे असतं. ॲडजीनने स्वतः केलेलं सिक्वेन्सिंगही तिथेच बघायला मिळतं. माझ्या मते शुल्क वसूल होतं ते इथे.

आता कागदपत्रं. साहित्य हस्तांतरणाच्या करारावर संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची मंजुरी लागते. ती ऑनलाइन होते, पण आपल्याकडे ती व्यक्ती कोण हे ठरायलाच वेळ जातो. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी वेगळी. २०२० पासून कमी जोखमीच्या, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या गटातल्या साहित्याच्या आयातीचा निर्णय संस्थेची समितीच घेऊ शकते, दिल्लीला फाइल पाठवून बसावं लागत नाही. त्याने खरंच हायसं वाटलं. तरी एका कुरियर कंपनीने आमचं पार्सल मुंबईत अडवून धरलं होतं, नुसता ‘बॅक्टेरिया’ शब्द वाचून. तेव्हापासून ‘संसर्गजन्य नाही, फक्त संशोधनासाठी, विक्रीसाठी नाही’ असं संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र मी ऑर्डरबरोबरच तयार ठेवते.

दोन गोष्टी खटकतात. एक, कुरियरचा खर्च. एकच प्लाझ्मिड मागवलं तर वाहतुकीनेच कंबरडं मोडतं, छोट्या कॉलेजच्या लॅबला तर झेपतच नाही. दुसरी त्याहून मोठी. कराराप्रमाणे आलेलं प्लाझ्मिड परस्पर दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. नियमामागचं कारण मला पटतं, देणाऱ्याचा हक्क राहायला हवा आणि हातोहात फिरलेल्या नळीत काय आहे याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण रस्त्यापलीकडच्या संस्थेतली मुलगी तेच प्लाझ्मिड अमेरिकेहून पुन्हा मागवते तेव्हा जीव तुटतो. इथे गणेशखिंडला एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेचं पेशींचं भांडार आहे, देशभरातल्या लॅब तिथून पेशी मागवतात. ॲडजीनशी रीतसर करार करून त्याच धर्तीवर प्लाझ्मिडं इथूनच मिळाली तर किती जणांचे किती महिने वाचतील!

तोवर आम्ही काढलेला मार्ग: आमच्या संस्थेतल्या सगळ्या लॅबच्या मागण्या एका यादीत गोळा करायच्या, मंजुऱ्या आधी उरकायच्या आणि ऑर्डरी एकाच वेळी टाकून पाठवणी एकत्र करायला सांगायचं. आणि पेपर छापून झाल्यावर आपलं स्वतःचं प्लाझ्मिडही तिथे ठेवायचं. आमच्या लॅबच्या प्लाझ्मिडांचे नकाशे सध्या मी त्यासाठीच नीट लावतेय.