उजनीच्या पाण्यात इनबोर्ड आणि आउटबोर्ड : दोन वर्षांच्या वापरानंतर

सोलापुरात राहून मोठी बोट बाळगणारी माणसे फार नाहीत, त्यामुळे इंजिन कोणते घ्यावे हे विचारायला आम्हाला जवळपास कोणी भेटले नाही. जे सल्ले मिळाले ते मुंबईचे आणि गोव्याचे, म्हणजे खोल आणि खाऱ्या पाण्याचे होते. आमचे पाणी उजनीचे. ते गोडे आहे, गाळाचे आहे आणि वर्षभरात इतके खालीवर होते की ऑक्टोबरमध्ये जिथे बोट बांधलेली असते तिथे मे महिन्यात कलिंगडाचे वेल पसरलेले असतात. या पाण्यावर मी आणि माझे थोरले मावसभाऊ यांनी मिळून दोन बोटी वापरल्या. पहिली २८ फुटांची, आत डिझेल इंजिन (इनबोर्ड) असलेली; दुसरी २७ फुटांची, मागे बाहेरून दोन आउटबोर्ड इंजिने लावलेली. पहिली ऑक्टोबर २०२३ पासून वापरली आणि दुसरी ऑक्टोबर २०२४ पासून वापरात आहे. डिझेलवर सुमारे १४० तास झाले, आउटबोर्डवर २१० तास. घरची माणसे, पाहुणे, कधी पुण्याचे मित्र असा आमचा वापर आहे. प्रवासी वाहतूक किंवा मासेमारी नाही.

पहिली बोट मुंबईहून जुनी घेतली होती. तिच्यात २३० अश्वशक्तीचे टर्बो डिझेल इंजिन पिछाडीला, बसायच्या गादीखाली होते आणि त्याचा पाय, म्हणजे गिअर आणि पंखा असलेला भाग, बाहेर होता. या रचनेला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ती बाजारात आणली, तेव्हापासून मधल्या आकाराच्या सहलीच्या बोटींमध्ये ती रूढ झाली. निव्वळ इनबोर्ड म्हणजे तळातून तिरका दांडा काढून त्याला पंखा आणि मागे सुकाणू. तो प्रकार आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवला, कारण त्याचा पंखा वर उचलताच येत नाही. दुसऱ्या बोटीवर १५० अश्वशक्तीची दोन फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिने आहेत. इंजिन, गिअर आणि पंखा एकाच खांबात असून तो सगळा खांब पिछाडीच्या फळीला बाहेरून जोडलेला आहे.

डिझेलचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत आणि आउटबोर्ड घेतल्यावर त्यांची आठवण येते. ताशी ३७ किलोमीटरच्या, म्हणजे २० नॉटच्या निवांत वेगाला ते इंजिन तासाला २७ लिटरच्या आसपास डिझेल घेत असे. त्याच वेगाला आमची दोन आउटबोर्ड मिळून ४५ लिटर पेट्रोल घेतात. बोटी वेगळ्या आहेत, वजनात फरक आहे, हे मान्य करूनही आणि पेट्रोल डिझेलपेक्षा लिटरमागे बारा-चौदा रुपयांनी महाग असते हे धरल्यावर एका तासाचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. दुसरा गुण उंचीचा. उजनीचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९५ मीटरवर आहे आणि एप्रिलमध्ये दुपारी पारा ४२ अंशांवर असतो. विरळ आणि तापलेल्या हवेत साधे पेट्रोल इंजिन थोडे दमते. टर्बो असलेल्या डिझेलला ते फारसे जाणवत नाही. आउटबोर्ड आणल्यावर पहिल्याच महिन्यात हे लक्षात आले. आठ माणसे आणि भरलेली टाकी असताना पूर्ण थ्रॉटलला इंजिन मिनिटाला ४८०० फेऱ्यांच्या पुढे जाईना, आणि कंपनीच्या पुस्तिकेत ५००० ते ६००० ही मर्यादा दिली होती. मग १७ इंच पिचचे (पिच म्हणजे एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर) पंखे काढून १५ इंचाचे लावले आणि आकडा ५२०० वर गेला. ही बोट समुद्रावर वापरणाऱ्याने सुचवलेला पंखा इथे तसाच चालेल असे कोणी समजू नये. इंजिनाला आपली मर्यादा गाठता आली नाही तर ते कमी फेऱ्यांवर जास्त ओझे ओढत राहते आणि त्याचे आयुष्य घटते.

तिसरा गुण मिस्त्रींचा. टेंभुर्णी आणि मोहोळला ट्रॅक्टरचे, ट्रकचे मिस्त्री पावलोपावली आहेत. डिझेल इंजिनाचा पट्टा, फिल्टर, पाईपची गळती ही कामे आमच्याकडे एका ट्रॅक्टर मिस्त्रींनी निस्तरली. त्यांनी आयुष्यात बोट पाहिली नव्हती, पण झाकण उघडताच काय कुठे आहे ते त्यांना समजले. उलट आउटबोर्डच्या एका इंजिनाने गेल्या जानेवारीत अलार्म वाजवून आपली ताकद आपणच कमी करून घेतली, तेव्हा लॅपटॉप घेऊन माणूस पुण्याहून यायला चार दिवस लागले. दोष एका सेन्सरच्या कनेक्टरचा निघाला. काम वीस मिनिटांचे होते.

एवढे सगळे असूनही माझे मत आउटबोर्डच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण पाण्याखाली आहे.

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे आणि टक्केवारी उरलेल्या उपयुक्त साठ्यावर मोजतात. म्हणून आपल्याकडे धरण ‘मायनसमध्ये’ जाते. २०२३ चा पावसाळा कमी झाला, धरण भरलेच नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले. अशा वेळी जुन्या गावांचे चौथरे, बाभळींचे बुंधे, पळसदेवचे देऊळ असे सगळे वर येते, आणि जे वर आलेले दिसते त्यापेक्षा जे हातभर पाण्याखाली राहते ते बोटीला जास्त घातक असते. त्यात भर शेतकऱ्यांच्या मोटारींची. पाणी मागे सरकेल तसे शेतकरी पाईप आणि केबल वाढवत पाण्याच्या मागे जातात आणि पिंपांच्या तराफ्यावर मोटार ठेवतात. ते पाणी त्यांच्या उसाचे आणि केळीचे आहे. सहलीच्या बोटीने त्यांच्या पाईपला धक्का लावणे हा सरळ आपला दोष असतो.

हा दोष आमच्या हातून मार्च २०२४ मध्ये घडला. करमाळ्याच्या बाजूला काठापासून दीडशे मीटरवर, अगदी हळू जात असताना, इंजिन एकदम गुरगुरले आणि बंद पडले. तराफ्याला नांगरून ठेवणारी नायलॉनची दोरी पंख्यात गेली होती. काठावरून शेतकरी ओरडले, “साहेब, मोटार बंद केलीया, पण दोरी जपून कापा, पाईप तिलाच बांधलाय!” स्टर्नड्राइव्हचा पाय बटण दाबल्यावर थोडा वर येतो, पण पंखा पूर्ण पाण्याबाहेर निघत नाही. मावसभावांनी लाइफ जॅकेट घालून छातीभर पाण्यात, गाळात पाय रोवून, विळ्याने एकेक वेढा कापला. सव्वा तास गेला. दोरीचे धागे पंख्याच्या मागे सीलपर्यंत घुसले होते आणि पुढच्या आठवड्यात गिअरचे तेल पाहिले तर ते ताकासारखे पांढरट झालेले होते, म्हणजे सीलमधून पाणी आत गेले होते.

सील बदलायचे तर बोट पाण्याबाहेर काढायला हवी. पाणी आटल्यामुळे उतारापासून पाण्यापर्यंत जवळजवळ चारशे मीटर चिखल होता. ट्रॅक्टरला ट्रॉली लावून बोट ओढायला दोन दिवस आणि दोन ट्रॅक्टर लागले. बोट वर आल्यावर आणखी एक गोष्ट दिसली : पाय आणि बोट यांच्यामध्ये असलेले रबरी बेलोज, म्हणजे घड्या पडलेली जाड नळी, एका घडीत चिरली होती. बेलोज फाटले की पाणी थेट बोटीत येते. ज्या व्यापाऱ्याकडून बोट घेतली त्याने बेलोज नवे असल्याचे तोंडी सांगितले होते. रबर पाहिल्यावर ते कित्येक वर्षांचे आहे हे कोणालाही समजले असते, आणि ते घेण्यापूर्वी आम्ही पाहायला हवे होते. स्टर्नड्राइव्हची जुनी बोट घेणाऱ्याने बेलोज हाताने दाबून, घड्या उघडून पाहावेत.

आउटबोर्डवरही दोरी गुंतली, यंदा फेब्रुवारीत, एका मासेमाराच्या जाळ्याची. चिलापी धरायला लावलेली ही जाळी माशाला दिसू नयेत इतकी बारीक असतात, तशीच ती आपल्यालाही दिसत नाहीत. दोन्ही इंजिने बंद केली, उजवे इंजिन बटण दाबून वर घेतले, पंखा पाण्याच्या वर आला, आणि मागच्या पायरीवर बसून विळ्याने जाळे सोडवले. कोणी पाण्यात उतरले नाही. दहा-बारा मिनिटांत काम झाले. जाळ्याचे पैसे मासेमारांना दिले आणि डाव्या इंजिनावर हळूहळू निघालो. दोन इंजिने असण्याचा उपयोग वेगासाठी कमी आणि अशा प्रसंगी जास्त आहे.

हीच गोष्ट जलपर्णीची. आउटबोर्डच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. ती थंडाव्याचे पाणी फिरत असल्याची खूण आहे. जलपर्णीची मुळे किंवा प्लॅस्टिकची पिशवी पाणी आत घेणाऱ्या जाळीवर चिकटली की ही धार बारीक होते. चालवणाऱ्याने दर पाच-दहा मिनिटांनी मागे वळून ती पाहावी. इंजिन उचलून जाळी हाताने साफ करता येते. इनबोर्डमध्ये तापमानाचा काटा चढेपर्यंत काही समजत नाही, आणि मग गादी उचलून, तापलेल्या इंजिनाशेजारी वाकून गाळणी उघडावी लागते. मे महिन्यात ते झाकण उघडणे किती त्रासाचे आहे ते लिहून सांगता येणार नाही. बोटीवर लहान मुले असतील तर ही उष्णता आणि डिझेलचा वास हासुद्धा विचारात घेण्याचा मुद्दा आहे. आमच्या घरातील दोघींना पहिल्या बोटीवर मळमळत असे; दुसऱ्या बोटीवर तो त्रास गेला.

पाण्यावर स्थिर उभे राहण्यात मात्र पहिली बोट सरस होती. जड इंजिन आत आणि खाली असल्याने ती कमी डोलत असे. आउटबोर्डचे चारशे-सव्वाचारशे किलो वजन पार मागे टांगलेले असते, त्यामुळे उभ्या बोटीत सगळे मागच्या बाजूला जमले की पिछाडी दबते आणि मागून येणारी लाट आत शिरण्याची भीती असते. उजनीवर वळवाचा वारा किती पटकन उठतो हे या भागात सांगावे लागत नाही. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी तीननंतर बोट बाहेर काढायची नाही, आणि काठापासून दहा फुटांवर जायचे असले तरी जॅकेट सगळ्यांनी घालायचे, हा आमचा नियम आहे. इंजिन कोणतेही असो, त्यात सवलत नाही.

आता पेट्रोलचा प्रश्न, जो मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. देशात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून जाते, ऊस पिकवणाऱ्याला त्याचा पैसा मिळतो, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकांमध्ये इथेनॉलची मर्यादा दहा टक्के लिहिलेली असते. विक्रेत्याने आम्हाला “काही होत नाही” असे सांगितले आणि ते आम्ही मानले. इथेनॉल हवेतली ओल शोषते. मोटारगाडी रोज चालते म्हणून तिथे ते खपून जाते, बोट मात्र पावसाळ्यात दोन-अडीच महिने उभी असते. यंदा ऑगस्टमध्ये फिल्टरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बरणीत ओतले. पाच मिनिटांत तळाला हाताच्या दीड बोटाएवढ्या जाडीचा गढूळ थर बसला आणि वर पिवळसर पेट्रोल राहिले. तो थर इंजिनात गेला असता तर इंजेक्टरची दुरुस्ती फार मोठ्या खर्चाची झाली असती. आता आम्ही लागेल तेवढेच पेट्रोल भरतो, मोठा विश्रांतीचा काळ असला तर टाकी रिकामी करतो आणि पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर दर ५० तासांनी बदलतो. तरीही पुस्तिकेची मर्यादा ओलांडली जातेच, हे खरे आहे, आणि वॉरंटीच्या वेळी त्याचे काय होईल हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय कोणी इंजिनाचे पैसे देऊ नयेत.

देखभालीत फार काही वेगळे नाही. गिअरचे तेल दर १०० तासांनी. पाणी ओढणारा रबरी इम्पेलर गाळामुळे आमचा एका वर्षातच झिजला, म्हणून तो आता दर दिवाळीत बदलतो. नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली करावी लागते आणि जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. दोन्हींना वेळ लागतो.

ज्यांना याहून मोठी बोट घ्यायची आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. चाळीस फुटांच्या बोटीला इनबोर्डच हवे, हा जुना नियम आता राहिलेला नाही. २०२१ मध्ये मर्क्युरीने ६०० अश्वशक्तीचा बारा सिलिंडरचा आउटबोर्ड आणला आणि परदेशात तीन-चार आउटबोर्ड लावलेल्या मोठ्या बोटी सर्रास दिसतात. डिझेलवर चालणारे ३०० अश्वशक्तीचे आउटबोर्डही निघाले आहेत; इथेनॉलची आणि खर्चाची दोन्ही अडचण त्यांनी सुटेल, पण किंमत आमच्या आवाक्यातली नाही. वर्षाला तीनशे-चारशे तास, लांब अंतर आणि खोल पाणी असे ज्यांचे गणित आहे त्यांनी डिझेल इनबोर्डच घ्यावे. तिथे इंधनाची बचत काही वर्षांत इंजिनाची किंमत भरून काढते आणि पंखा उचलण्याची वेळ क्वचित येते.

आमची पहिली बोट अशाच एका गृहस्थांनी घेतली आहे. ते ती रत्नागिरीकडे नेणार आहेत. आम्ही ती मुंबईहून आणली तेव्हा तिच्या पायावर गंज रोखणारे जस्ताचे ठोकळे होते. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, म्हणून आम्ही मॅग्नेशियमचे लावले होते. मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात भराभर विरघळून जाते. मागच्या रविवारी आम्ही दोघांनी ते काढले, पुन्हा जस्ताचे बसवले, नवे बेलोज त्यांना घडी उघडून दाखवले आणि दुरुस्तीची सगळी बिले सोबत दिली.