काउंटिंग की लीज? तुटक नेटवर्कवरच्या मोबाइलसाठी गार्बेज कलेक्शन

फोनकडे सर्व्हरवरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स आहे आणि नेटवर्कचा भरवसा नाही. मग सर्व्हरने तो ऑब्जेक्ट सोडून मेमरी मोकळी करायची (हेच गार्बेज कलेक्शन) कधी? रेफरन्स काउंटिंग (ऑब्जेक्टला किती जणांनी धरलंय ते मोजणं) आणि लीज (ठरावीक मुदतीपुरताच रेफरन्स देणं, वाढवून घेतला नाही तर तो आपोआप संपतो), दोन्ही मी वापरून पाहिलं आहे.

काउंटिंगची ओढ मला कळते. काउंट शून्यावर आला की मेमरी लगेच मोकळी, आणि मधे उगाच निरोपानिरोपी नाही, म्हणजे बॅटरीही वाचते. केबलने जोडलेल्या मशीनसाठी मी आजही त्याचा विचार करेन.

मोबाइलवर मात्र एका गोष्टीने जीव नकोसा केला. एका ऑब्जेक्टला दोन फोनांनी धरलंय, काउंट २. पहिला फोन ‘सोडला’ म्हणून कळवतो, सर्व्हर १ करतो, पण पोच परत येतानाच नेटवर्क जातं. पोच नाही म्हणून फोन तेच पुन्हा कळवतो. काउंट शून्य, ऑब्जेक्ट गेला. फटका बसतो दुसऱ्या फोनला, ज्याचं नेटवर्क ठणठणीत होतं! मी कितीतरी दिवस त्या दुसऱ्याच फोनचे लॉग चाळत होतो.

आकड्याऐवजी कुणी धरलंय याची यादी ठेवली, तर दोनदा आलेल्या निरोपाने काही बिघडत नाही. पण बॅटरी संपलेला फोन आपलं नाव काढून घ्यायला येणार कसा?

इथे लीज कामी येते. ग्रे आणि चेरिटन यांनी १९८९ मध्ये ती फाइल कॅशसाठी, म्हणजे क्लायंटने जवळ ठेवलेल्या फाइलच्या प्रतींसाठी, मांडली. पुढे जावा आरएमआयने (दुसऱ्या मशीनवरचे ऑब्जेक्ट वापरायची जावाची सोय) यादीला तिची जोड दिली. तिथली डिफॉल्ट मुदत १० मिनिटं, निम्मी सरली की क्लायंट ती वाढवून घेतो. फोनला एवढी मुदत अपुरी पडते. अँड्रॉइड ६ पासून आलेल्या डोझमध्ये, म्हणजे पडून असताना बॅटरी वाचवायच्या झोपेत, फोन गेला की अ‍ॅपचं नेटवर्क अडवलं जातं, आणि जाग येते तेव्हा समोर ‘नो सच ऑब्जेक्ट’. मुदत ताणावी तर परत न येणाऱ्या फोनांपायी मेमरी अडकून राहते. मी ती बेताची वाढवली आणि रेफरन्स मेला तर फोनने ऑब्जेक्ट नावाने पुन्हा मागावा, अशी सोय केली.

दोन मशीनवरच्या ऑब्जेक्टनी एकमेकांना धरलं, तर ते चक्र दोन्ही पद्धतींत सुटत नाही.

तुमची मेमरी फारच तंग असेल, तर कदाचित तुमचा निर्णय वेगळा होईल. पण लीजमध्ये ज्याचं नेटवर्क गेलं त्याचाच रेफरन्स मरतो, आणि चूक त्याच्याच लॉगमध्ये सापडते.