गल्लीतला ‘कोहिबा’ की दुकानातला पिएद्रा?

क्युबाच्या राजधानीत, हवानात फिरताना कोणीतरी गाठतोच: “भाऊ सिगारच्या कारखान्यात आहे, कोहिबाची पेटी निम्म्या किमतीत देतो.” पेटीला काचेचं झाकण असेल तर बोलणं तिथेच संपवा, कोहिबा या क्युबाच्या नामांकित सिगार ब्रँडची खरी पेटी तशी नसतेच. बाकी नक्कल मात्र झकास जमते, अगदी हिरव्या सरकारी सीलसकट. फसगत कळते ती पेटवल्यावर. सिगार एकाच बाजूने जळत जातो, गाल दुखेपर्यंत ओढला तरी धूर येत नाही, आणि जिभेवर चुरा येतो; कारण आत अखंड पानांऐवजी उरलेसुरले तुकडे कोंबलेले असतात. नवशिक्याला वाटतं, सिगार म्हणजे हेच.

सरकारमान्य दुकानातला होसे एल. पिएद्रा हा क्युबाचा स्वस्तातला ब्रँड. तुकडे यातही असतात, पण ते कोणी लपवत नाही आणि तंबाखू खरी असते. दिसायला ओबडधोबड, चव रांगडी. पहिला सिगार ओढायचाच असेल तर माझं मत यालाच. (तब्येतीला दोन्ही सारखेच घातक, ते सोडा.) शिवाय इथे पावती मिळते, जास्त सिगार देशाबाहेर नेताना कस्टम्सवाले तीच मागतात.