बदकाची अंडी आणि घरगुती इन्क्युबेटर: उष्णतेत पक्का, पाण्यात कच्चा

छोटे घरगुती इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवण्याची यंत्रे, बहुधा कोंबडीची अंडी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. मी बदकाच्या अंड्यांसाठी वापरलेले यंत्रही त्यातलेच आहे. पारदर्शक झाकण, त्यात बसवलेला पंखा, अंडी आपोआप फिरवणारा ट्रे आणि तापमान व आर्द्रतेचे आकडे दाखवणारा छोटा पडदा अशी त्याची साधी रचना आहे.

उष्णतेच्या बाबतीत हे यंत्र खरोखर भरवशाचे आहे. तापमान 37.5 अंश सेल्सिअसवर ठेवून अंड्यांच्या उंचीवर वेगळा थर्मामीटर ठेवला, तेव्हा मध्यभागी आणि कोपऱ्यात नगण्य फरक आढळला. झाकण उघडून पुन्हा लावल्यावरही ते काही मिनिटांत मूळ आकड्यावर येते आणि त्याच्या वर उसळत नाही.

ट्रे मात्र निराशा करतो. बदकाचे अंडे साधारण 70 ते 80 ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षा बरेच मोठे असल्यामुळे ते खणात अडकून बसते आणि ट्रे सरकला तरी जागचे हलत नाही. मधल्या पट्ट्या काढून अंडी आडवी ठेवली की ती नीट फिरतात, पण मग खोक्यावर छापलेल्या संख्येइतकी अंडी मावत नाहीत.

याहून गंभीर दोष तयार कार्यक्रमात आहे. कोंबडीची पिल्ले 21 दिवसांत बाहेर येतात, म्हणून हे यंत्र अठराव्या दिवशी अंडी फिरवणे बंद करते. बदकांना मात्र साधारण 28 दिवस लागतात (मस्कोव्ही जातीला 35) आणि 28 दिवसांच्या उबवणीत अंडी पंचविसाव्या दिवसापर्यंत फिरवावी लागतात. ही मुदत हाताने बदलता येते, परंतु माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही. नवख्या माणसाला हे कळणार तरी कसे? पुस्तिकेत बदकासाठी एक पान असते, तर माझी ही तक्रार उरली नसती.

आता पाण्याविषयी, कारण बदकांच्या उबवणीचे यश बरेचसे त्यावर ठरते. पहिले 25 दिवस आर्द्रता 55 ते 60 टक्के आणि शेवटच्या टप्प्यात 70 टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. झाकण न उघडता बाहेरून पाणी भरता येते, ही सोय उत्तम आहे. पण आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असते आणि इथल्या दोन्ही पन्हळी अरुंद आहेत. परिणामी त्या काठोकाठ भरल्या तरी शेवटच्या दिवसांत ओला स्पंज ठेवावा लागतोच. शिवाय आर्द्रतेचा संवेदक पंख्याजवळ असल्यामुळे पडद्यावरच्या आकड्यावर मी विसंबत नाही. त्यापेक्षा अंड्याचे वजन करणे अधिक खात्रीचे आहे. उबवणीच्या काळात अंड्याचे वजन सुमारे 13 टक्क्यांनी घटले पाहिजे, म्हणजे 80 ग्रॅमचे अंडे अखेरीस 70 ग्रॅमच्या आसपास यावे. वजन कमी घटले, तर आतली हवेची जागा लहान राहते आणि पिल्लाला कवच फोडण्यापूर्वीचा श्वास पुरत नाही. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाशी टॉर्च धरला की ती जागा आणि तिची कड स्पष्ट दिसते.

पारदर्शक झाकणाचे खरे मोल शेवटच्या दिवसांत कळते. कवचावर पहिला टवका उडाल्यानंतर पिल्लू बराच वेळ स्वस्थ पडून असते आणि पूर्ण बाहेर यायला एक-दोन दिवसही लागू शकतात. या काळात झाकण उघडले, तर आतले पातळ आवरण वाळून पिल्लाला चिकटते, म्हणून बाहेरूनच पाहता येणे फार महत्त्वाचे आहे. दुर्दैवाने आर्द्रता वाढताच झाकणाच्या आत वाफ धरते आणि नेमके तेव्हाच काही दिसेनासे होते. तळाचे प्लास्टिकही गुळगुळीत असल्याने नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे पाय फाकतात. तिथे खडबडीत रबरी जाळी अंथरणे आवश्यक आहे.

स्वच्छतेत यंत्र पुन्हा उजवे ठरते. खालचा भाग विजेच्या जोडणीपासून पूर्ण वेगळा होत असल्यामुळे तो साबणाच्या पाण्याने घासून निर्जंतुक करता येतो, आणि थर्माकोलच्या पेटीसारखी घाण त्यात मुरत नाही. कोंबडीची अंडी उबवणाऱ्याने ते निःशंक घ्यावे. बदकांसाठी घेणाऱ्याने मात्र वजनकाटा, स्वतंत्र आर्द्रतामापक आणि रबरी जाळी सोबतच घ्यावी.