बिल्ल्यावर वाढवलेल्या दोन रेघा

माझे आजोबा मराठा पलटणीत होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील उख्रूलजवळच्या सांगशाक येथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढलेल्या चौथ्या पलटणीत ते होते आणि त्यांच्यासमोर मुख्यतः जपानची ५८ वी पायदळ रेजिमेंट होती. त्यामुळे जुन्या लष्करी वस्तूंच्या एका विक्रेत्याने ‘सांगशाकचा, ५८ व्या रेजिमेंटमधील शिपायाचा ओळखबिल्ला’ म्हणून पितळेचा एक लंबगोल बिल्ला दाखवला, तेव्हा मी फारशी चौकशी न करता १८,००० रुपये दिले. ही फसवणूक कशी केली गेली ते सविस्तर लिहितो, कारण तीच युक्ती अशा कोणत्याही झिजलेल्या बिल्ल्यावर करता येते.

हे बिल्ले वरून खाली वाचायचे असतात. पायदळासाठी ‘हो’ हे अक्षर आणि रेजिमेंटचा आकडा, मग ‘चू’ म्हणजे कंपनी आणि तिचा आकडा, शेवटी ‘बान’ म्हणजे शिपायाचा क्रमांक, असा साधारण क्रम असतो. साध्या शिपायाच्या बिल्ल्यावर नाव नसे. नाव अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यावर असे. विक्रेत्याने सोबत दिलेल्या छापील दाखल्यात मात्र शिपायाचे पूर्ण नाव ‘बिल्ल्यावरून वाचून’ दिले होते. एवढी एकच गोष्ट मला आधी ठाऊक असती, तर व्यवहार तिथेच थांबला असता.

खरी लबाडी आकड्यात होती. जपानी लिपीत तीन म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा. त्यांत वरून तळापर्यंत जाणारी एक उभी रेघ आणि मधल्या रेघेच्या उजव्या टोकापासून तळाला टेकणारी दुसरी, अशा दोनच रेघा वाढवल्या की तिनाचा पाच होतो. त्याखालचा आठ, म्हणजे एकमेकींना न भिडणाऱ्या दोन तिरक्या रेघा, तसाच ठेवला की अडतीसचे अठ्ठावन्न होतात. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रांत खोदीव रेघांमध्ये पांढरी पूड भरलेली होती आणि प्रकाश समोरून पडला होता. त्यामुळे डोळ्याला पुडीची अक्षरे दिसली, धातू दिसला नाही.

बिल्ला घरी आल्यावर जपानी शिकवणाऱ्या एका परिचित बाईंना दाखवला. त्यांनी पूड मऊ कुंचल्याने झटकली, खोलीत अंधार केला आणि विजेरी बिल्ल्याच्या कडेशी जवळजवळ आडवी धरून सावकाश फिरवली. मूळ रेघा ठशाने उमटवलेल्या होत्या. त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि तळाशी पितळ आजूबाजूइतकेच काळवंडले होते. त्या दोन रेघा मात्र भिंगाखाली धारदार दिसत होत्या आणि त्यांच्या तळाशी पिवळे, ताजे पितळ चमकत होते. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवल्यावर कागदावरही हाच फरक उमटला. ही साधी तपासणी पैसे देण्यापूर्वी करता आली असती. निदान तिरप्या प्रकाशातली, पूड न भरलेली छायाचित्रे तरी मागता आली असती. ती द्यायला जो तयार नसेल त्याच्याकडून काहीही घेऊ नका. आणि अक्षरे उजळावीत म्हणून बिल्ला पॉलिशने घासू तर मुळीच नका, कारण जुन्या आणि नव्या रेघांमधला फरक सांगणारा काळसरपणाच त्याने निघून जातो.

३८ वी रेजिमेंट नारा येथील. १९४४ मध्ये ती प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर होती. ब्रह्मदेश किंवा मणिपूरच्या लढाईशी तिचा संबंध नव्हता. म्हणजे बिल्ला खरा होता आणि त्यावरचा आकडा तेवढा खोटा केलेला होता. विक्रेत्याने ‘वाचन हे केवळ मत असते’ असे उत्तर देऊन पैसे परत करण्यास नकार दिला आणि नंतर फोन घेणे बंद केले. पैशाचे दुःख आहेच, पण त्याहून मोठे दुःख वेगळे आहे. ज्या माणसाचा देह ओळखता यावा म्हणून हा तुकडा बनवला गेला, त्याची ओळखच कोणीतरी थोड्या नफ्यासाठी छिन्नीने बदलली, आणि माझ्या आजोबांच्या आठवणीचा त्यासाठी उपयोग केला.

कंपनीचा आणि शिपायाचा आकडा सुदैवाने शाबूत आहे. बिल्ला ज्या डबीत ठेवला आहे, तिच्यात पेन्सिलीने उमटवलेला तो कागद घडी करून ठेवला आहे आणि त्यावर लिहिले आहे: मूळ आकडा ३८, दोन रेघा मागाहून कोरलेल्या, सांगशाकचा नव्हे.