साठीनंतर युरोपात एकट्यानं रेल्वेप्रवास: पास घ्यावा की सुटी तिकिटं?

साठी ओलांडलेल्या माणसाला युरोपात तीन-चार आठवडे एकट्यानं फिरायचं असेल, तर रेल्वे सगळ्यात परवडते. हॉटेलात एकट्यालाही जवळपास दोघांचं भाडं पडतं, सहलकंपन्या एकट्याच्या खोलीसाठी जादा पैसे घेतात. गाडीतल्या जागेला मात्र एकाचेच पैसे. पेच पडतो तो तिकिटांचा: सगळीकडे चालणारा एक पास घ्यायचा, की प्रत्येक टप्प्याचं तिकीट आधीच स्वस्तात काढून ठेवायचं? आकडेमोड करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं ठरवा. कोणत्या देशांत जायचं आहे, आणि कुठल्या तारखेला कुठे असणार हे आत्ताच पक्कं आहे का?

आधी पासची ओळख. इंटररेल १९७२ मध्ये सुरू झाला तेव्हा तो २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी होता. आता वयाची अट नाही, उलट ६० पूर्ण झालेल्यांना दहा टक्के सवलत मिळते. युरोपात कायदेशीर वास्तव्य असणाऱ्यांसाठी इंटररेल आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी युरेल. दोन्ही ३३ देशांत चालतात आणि त्यांच्या किमतींतही फारसा फरक नाही. इथे वास्तव्य पाहतात, नागरिकत्व नाही. म्यूनिकला नोकरी करणारी भारतीय पासपोर्टवाली मुलगी इंटररेल घेईल. तिच्याकडे पुण्याहून आलेले आईवडील युरेल घेतील. यात आईवडिलांचा फायदा असा की इंटररेलवाल्याला तो राहतो त्या देशात फक्त दोन प्रवास मिळतात, एक बाहेर पडण्याचा आणि एक परतीचा. युरेलला ही मर्यादा नाही.

सर्वाधिक उपयोगी पडतो तो ‘महिन्यात ७ दिवस’ हा प्रकार, म्हणजे एका महिन्यात प्रवासाचे कुठलेही सात दिवस. २०२५ च्या दरांनी ज्येष्ठांसाठी दुसऱ्या वर्गाचा हा पास सुमारे ३४० युरोंना पडतो, म्हणजे प्रवासाच्या एका दिवसाला ५० च्या आत. ‘महिन्यात ४ दिवस’ साधारण २५५ युरो. दिवसाला ६० च्या वर. त्यामुळे छोटा पास घेतलात तर त्याचे चारही दिवस लांबच्या, महागड्या टप्प्यांवरच खर्च करा. फ्लोरेन्सहून पिसा किंवा सिएनाला जाणाऱ्या दहा-बारा युरोंच्या गाडीवर पासचा दिवस घालवणं म्हणजे शुद्ध नुकसान.

पास कुठे जिंकतो

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलंड्स, बेल्जियम. इथल्या बहुतेक देशांतर्गत गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. फलाटावर जायचं, गाडी आली की बसायचं. जर्मनीत कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट, म्हणजे फ्लेक्सप्राईस, फार महाग असतं: हँबुर्ग ते म्यूनिक आयत्या वेळी काढलंत तर दीडशे युरोच्या आसपास तयारी ठेवावी लागते. झ्युरिक ते जिनिव्हा पूर्ण भाड्याने नव्वद फ्रँकच्या आसपास. असे दोन-तीन टप्पे झाले की पासची किंमत वसूल होते. मात्र युंगफ्राउसारख्या डोंगरी रेल्वेवर पासने फक्त सवलत मिळते, फुकट प्रवास नाही.

जर्मनीत पासचा दुसरा उपयोग आम्हाला पैशांपेक्षा मोठा वाटतो. २०२४ मध्ये डॉइचे बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. तशात मोठमोठे मार्ग दुरुस्तीसाठी महिनोन् महिने बंद ठेवण्याचं धोरण चालू आहे. फ्रँकफर्ट-मानहाइम मार्ग २०२४ च्या उत्तरार्धात बंद होता, बर्लिन-हँबुर्ग ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाला. पासवाल्याची गाडी चुकली तर तो पुढच्या गाडीत बसतो. कुणाला विचारायचं नाही, खिडकीशी रांग लावायची नाही. एकट्या माणसाला, सामानासकट, रात्री आठला अनोळखी स्टेशनावर याचं मोल कळतं.

सुटी तिकिटं कुठे जिंकतात

फ्रान्स, स्पेन, इटली. इथे वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे: फ्रान्समधल्या टीजीव्हीला १० ते २० युरो, इटलीच्या फ्रेच्चारोसाला १३, युरोस्टारला त्याहून बरेच जास्त. शिवाय टीजीव्हीच्या आंतरराष्ट्रीय गाड्यांत आणि युरोस्टारमध्ये पासधारकांच्या जागा मोजक्या असतात. त्या संपल्या की गाडी अर्धी रिकामी असली तरी पासवर बसता येत नाही. उन्हाळ्यात पॅरिसहून निघणाऱ्या गाड्यांत हे हमखास घडतं. मग पासचं स्वातंत्र्य उरतं कुठे?

खासगी कंपन्यांच्या आणि स्वस्त ब्रँडच्या गाड्या तर पासमध्ये येतच नाहीत. इटलीतली इटालो, फ्रान्समधली विगो, स्पेनमध्ये २०२१ पासून आलेल्या विगो आणि इर्यो, यांवर पास चालत नाही. स्पर्धेमुळे माद्रिद-बार्सिलोना तिकीट आधी काढलं तर बऱ्याचदा तीस युरोच्या आसपास मिळतं. पासचा दिवस आणि आरक्षण धरून तोच प्रवास साठाला पडतो.

याशिवाय राष्ट्रीय ज्येष्ठ सवलती आहेत, आणि त्यांची माहिती नसल्यामुळे पुष्कळ लोक पास घेऊन बसतात. फ्रान्सचं कार्त अव्हांताज सीनियर ६० पासून, वर्षाला ४९ युरो, भाड्यात ३० टक्के सूट. वर आयत्या वेळच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्यालाही प्रवासाला लागणाऱ्या वेळेनुसार कमाल मर्यादा. तीन-चार लांबचे प्रवास केले की कार्डाचे पैसे निघतात. स्पेनचं तारहेता दोरादा ६० पासून, अगदी नाममात्र किमतीत, २५ ते ४० टक्के सूट देतं. पोर्तुगालमध्ये ६५ पूर्ण झालेल्यांना ओळखपत्र दाखवून सरकारी रेल्वेत अर्धं भाडं. कार्ड लागत नाही. चेक प्रजासत्ताकात ६५ नंतर अर्धं. हंगेरीत ६५ वरच्या युरोपीय संघाच्या नागरिकांना देशांतर्गत दुसऱ्या वर्गाचा प्रवास मोफत, फक्त काही गाड्यांत जागेचे पैसे. ही सवलत नागरिकत्वावर आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर मिळणार नाही. ब्रिटनचं सीनियर रेलकार्ड ६० पासून, ३५ पौंड, एक तृतीयांश सूट. मात्र लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये सकाळच्या गर्दीच्या वेळी चालत नाही. लक्झेंबर्गमध्ये दुसऱ्या वर्गाचा प्रवास २०२० पासून सगळ्यांनाच मोफत आहे.

जर्मनीतही, तारखा पक्क्या असतील तर, स्पारप्राईसची, म्हणजे आधी काढायची स्वस्त, तिकिटं पासवर मात करतात. वीस-तीस युरोंत लांबचा पल्ला होतो. अट अशी की तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. पोहोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होण्याची चिन्हं दिसली की हे बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. झुपर स्पारप्राईस आणखी स्वस्त, पण रद्द केलं तर पैसे परत नाहीत. महिनाभर मुलाकडे राहून आजूबाजूला फिरायचं असेल तर डॉइचलंडटिकेट पाहावं: जानेवारी २०२६ पासून ६३ युरो, फक्त प्रादेशिक गाड्या, शहरातल्या बस-ट्रामसकट. ते मासिक वर्गणीचं तिकीट आहे. त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. बानकार्ड, म्हणजे डॉइचे बानचं सवलतीचं कार्ड, हेही असंच आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून विकत घेताच रद्द करण्याची नोटीस देऊन टाकावी.

गोंधळ कुठे होतो

पासमध्ये बहुतेक गोंधळ मोबाइलचा. पास रेल प्लॅनर ॲपमध्ये असतो. गाडीत चढण्याआधी त्या दिवसाचा प्रवास त्यात नोंदवून दिवस सुरू करावा लागतो. चढल्यावर टीसी दिसला म्हणून नोंदवणं उशिराचं ठरतं आणि दंड होऊ शकतो. दर तीन दिवसांत एकदा तरी फोन इंटरनेटला जोडलेला हवा. बॅटरी संपली तर टीसीच्या दृष्टीने तुमच्याकडे पासच नाही; पॉवर बँक बाळगा. पासबरोबर पासपोर्ट किंवा ओळखपत्रही दाखवावं लागतं. रात्रीच्या थेट गाडीला फक्त निघण्याचा दिवस मोजतात, पण मध्यरात्रीनंतर गाडी बदललीत तर दुसरा दिवस खर्ची पडतो.

सुट्या तिकिटांत गोंधळ होतो तो जोडगाडीचा. एकाच खरेदीत घेतलेलं सलग तिकीट असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची. जून २०२३ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमानुसार एक तासापासून दोन तासांपर्यंतच्या उशिराला तिकिटाच्या २५ टक्के, त्यापुढे ५० टक्के भरपाई. मात्र चार युरो वाचवायला दोन तिकिटं दोन ठिकाणांहून घेतलीत, तर दुसरं तिकीट बुडालं म्हणूनच समजा. वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर जर्मनीतून जाताना मध्ये किमान तासभर सोडा, आणि दिवसातली शेवटची गाडी धरू नका.

संपाचा हिशेब दोघांनाही ठेवावा लागतो. फ्रान्समध्ये संपाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला कुठल्या गाड्या धावणार ते जाहीर होतं. इटलीत कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्या चालवणं बंधनकारक आहे. अशा वेळी पासवाला दिवस पुढे ढकलतो. तिकीटवाल्याला रद्द गाडीचे पैसे मिळतात, पण नवं तिकीट त्या दिवसाच्या भावाने घ्यावं लागतं.

एकट्याने जाताना

पहिला वर्ग साधारण पाव हिश्शाने महाग पडतो. साठीपुढच्या एकट्या प्रवाशाने तो नक्की विचारात घ्यावा, कारण आयसीई (जर्मनीची वेगवान गाडी) आणि टीजीव्हीच्या पहिल्या वर्गात एका बाजूला एकेरी खुर्च्या असतात: शेजारी कुणी नाही, सामान डोळ्यांसमोर. दुसऱ्या वर्गात जात असाल आणि आरक्षण सक्तीचं नसेल तरीही जर्मनीत पाच-साडेपाच युरो देऊन जागा राखून ठेवा. शुक्रवार-रविवारी दोन तास उभं राहण्यापेक्षा ते बरं. शौचालयात जाताना बॅग कुणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न एकट्यालाच पडतो. पासपोर्ट, औषधं आणि फोन अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवा आणि मोठ्या बॅगेला रॅकशी बांधायला एक पातळ साखळी घ्या. चढ-उतारासाठी मदत हवी असेल तर २४ तास आधी कळवलं की रेल्वेला ती द्यावी लागते, विनामूल्य.

ऑस्ट्रियन रेल्वेच्या रात्रीच्या गाडीत, नाइटजेटमध्ये, पास चालतो, बर्थचे पैसे वेगळे. महिलांना महिलांच्याच कूपेतला बर्थ मागता येतो. नव्या डब्यांतल्या एका माणसाच्या मिनी केबिन एकट्यासाठीच केल्या आहेत, पण त्या अरुंद आहेत. वरच्या केबिनीत चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर खालची मागा. पॅरिसहून व्हिएन्ना आणि बर्लिनला जाणारी नाइटजेट मात्र १४ डिसेंबर २०२५ पासून बंद झाली आहे.

सीमेवरची तपासणीही परतली आहे. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनी सीमांवर ती सुरू केली. गाडीत पोलीस येतात आणि भारतीय पासपोर्टवाल्याला मूळ पासपोर्ट, सोबत व्हिसा किंवा निवास परवाना दाखवावा लागतो. फोनमधला फोटो चालत नाही. भेटीला आलेल्या आईवडिलांचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर पास चालतो म्हणून ब्रिटन, आयर्लंड, सर्बिया किंवा तुर्कस्तानला जाऊ नका. हे देश पासमध्ये आहेत, शेंगेनमध्ये नाहीत, आणि बाहेर पडल्यावर परत येता येणार नाही. क्रोएशिया २०२३ पासून, रुमानिया आणि बल्गेरिया २०२५ पासून शेंगेनमध्ये आले आहेत, तिथे ही अडचण नाही.

पुष्कळांना शेवटी दोन्हींचं मिश्रणच सोयीचं पडतं. समजा ॲमस्टरडॅमहून निघून कोलोन, म्यूनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, झ्युरिक आणि मग इटली. झ्युरिकपर्यंत पास, इटलीत शिरल्यावर सुटी तिकिटं. आधी फ्रान्स-इटलीची तिकिटं काढा, कारण तिथले स्वस्त भाव लवकर संपतात. पास शेवटी घेतला तरी चालतो, आणि वर्षअखेरीच्या सवलतीत घेतलात तर आणखी उत्तम: खरेदीपासून ११ महिन्यांत कधीही सुरू करता येतो.